स्टेफ्को हुडाकचे राहिलेले शनिवार

एल्डन प्रॉसरला पाना ओळखता येत होता, चालवता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ एवढ्याच फटीतून आत शिरला. पान्याच्या दांड्यावरची पुसट अक्षरं भिंगाखाली धरून तो छातीठोकपणे सांगायचा, हा अमक्या कारखान्याचा. चकचकीत मुलामा नाही म्हणजे युद्धातल्या टंचाईच्या दिवसांतला. डोकं एवढंच तिरकं आहे म्हणजे जुन्या मोटारींच्या इंजिनासाठी केलेला. पण मार्जीननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, न्हाणीघरातला नळ ठिबकतोय असं म्हटलं की हा गृहस्थ मुकाट्यानं प्लंबरला फोन लावायचा. प्लंबर आला की त्याच्या हातातला पाना कोणत्या काळातला ते त्यालाच समजावत बसायचा. नळ ठिबकत राहायचा.

कोलियर्स बेंड हे नदीकाठचं गाव फोर्जवर जगलं होतं. फोर्ज म्हणजे लाल लोखंड घणाखाली ठोकायचा कारखाना. मालकांनी एका हिवाळ्यात त्याला टाळं लावलं, यंत्रं उचलून नेली, आणि कामगारांच्या निवृत्तीच्या पैशांचं काय झालं ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. मागे उरले म्हातारे आणि त्यांच्या हत्यारपेट्या. म्हातारे एकेक करून जात होते आणि पेट्या एकेक करून विकायला निघत होत्या. तिथली रीतच तशी. माणूस गेला की त्याच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची आणि एका सकाळी दार उघडायचं. लोक उजाडायच्या आधी येऊन रांग लावतात, क्रमांक घेतात, मग मेलेल्याच्या बेडरूममध्ये शिरून त्याची गादी दाबून बघतात, आणि वर 'फार सज्जन होता हो' असंही म्हणतात. अशा रांगेत एल्डन नेहमी पुढे असायचा. ज्यांनी आयुष्यभर ती हत्यारं चालवून बोटं गमावली त्यांच्या विधवा ती विकत होत्या, आणि ज्यानं जिल्ह्याच्या घरपट्टी कचेरीत खिडकीमागे बसून जन्म काढला होता तो ती घेऊन भिंतीवर टांगत होता. याला तो 'वारसा जपणं' म्हणायचा.

गॅरेजात भोकाभोकांचा मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक पान्याची काळ्या रंगात आकृती काढलेली, आणि त्या आकृतीवर तो पाना. पाने आत उबेत राहत, गाडी बाहेर बर्फात. खून झालेल्या माणसाभोवती पोलीस खडूनं रेघ ओढतात तसा तो फळा दिसतो, असं मार्जीन म्हणाली होती. एल्डननं तिचं बोलणं मनावर घेतलं नाही. तिची बरीचशी बोलणी तो मनावर घेत नसे.

स्टेफ्को हुडाकची पेटी त्याला अशाच एका सकाळी मिळाली. हिरवा रंग उडालेली, कडीला दोरी बांधलेली. स्टेफ्कोची बायको वेरोना दाराशी उभी होती. ती म्हणाली, "यानं काम करणार ना तुम्ही?"

"म्हणजे काय! करणार तर," एल्डन म्हणाला. अशा वेळी खरं बोलायची पद्धत नसते.

"बरं झालं बाई. त्याचं बरंच काम राहिलंय," ती म्हणाली, आणि पेटीवरून हात फिरवून आत निघून गेली. पेटी उचलताना एल्डनला ती कोमट लागली. चुलीजवळ ठेवली असेल, असं त्यानं ठरवलं. चूल त्या घरात दुसऱ्या टोकाला होती.

आत पाने होते, गोटीपाने होते, रॅचेट होती, पक्कडी होत्या. कुणावर एका कंपनीचं नाव, कुणावर दुसऱ्याच. पण प्रत्येक दांड्यावर पंचानं ठोकलेली तीन टिंबं, त्रिकोणात. एल्डननं भिंग काढलं. त्याच्याकडच्या एकाही जुन्या कॅटलॉगात ती खूण नव्हती. म्हणजे अज्ञात कारखाना! संग्राहकाच्या आयुष्यात हा योग एकदाच येतो, आणि बहुतेकांच्या तर येतच नाही.

हत्यारसंग्राहकांचं मंडळ माजी सैनिकांच्या हॉलच्या तळघरात भरायचं. अध्यक्ष डॉक्टर पेल्हॅम, निवृत्त दंतवैद्य. ते गंजलेले पाने दाताच्या पेस्टनं घासून उजळायचे आणि हातात घेताना तोंड उघडायला सांगतील की काय असं वाटायचं. त्यांनी तीन टिंबं निरखली आणि निकाल दिला की ही पूर्वेकडच्या एका बुडालेल्या कंपनीची चाचणीची खूण. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, छे, ही भट्टीची खूण, कोणत्या आचेवर पोलाद भाजलं ते सांगणारी. दोघांची इतकी जुंपली की कॉफीचं भांडं सांडलं. एल्डन कृतार्थ होऊन घरी आला.

कुंपणापलीकडून शेजारी रूडी कोव्हालिकनं पेटीत डोकावून पाहिलं. रूडी फोर्जमध्ये घणावर होता. एका कानानं बहिरा, दुसऱ्यानं सोयीपुरतं ऐकणारा. "अरे, ही तर स्टेफ्कोची हत्यारं!"

"रूडी, ही चाचणीची खूण आहे. डॉक्टर पेल्हॅम म्हणाले."

"कसली चाचणी? खात्यात हत्यारांना पाय फुटायचे, म्हणून जो तो आपली खूण ठोकायचा. एक टिंब त्याच्या बापाचं, दोन टिंबं थोरल्या भावाची, तीन स्टेफ्कोची. आणखी भाऊ असते तर दांडा पुरला नसता." रूडी खो खो हसला, मग त्यानं पेटीकडे पुन्हा बघितलं. "विकली होय वेरोनानं? मग आता तो काय करणार?"

"कोण काय करणार?"

"माझा बर्फ उडवायचा पंखा करायचा होता त्याला. दरवर्षी म्हणायचा, शनिवारी करतो. माणूस असा की जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही आणि काम केलं नाही. अख्ख्या गल्लीला शनिवारी करतो म्हणून ठेवलंय लेकानं."

एल्डनला रूडीचं मत शास्त्रीय वाटलं नाही. मालकाची खूण निघाली तर संग्रहात पान्याची किंमत पडते. त्यामुळे ती मालकाची खूण नव्हती. विषय संपला. त्यानं तीन टिंबांच्या हत्यारांसाठी फळ्यावर मधली जागा रिकामी केली, आकृत्या काढल्या आणि सगळी ओळीनं टांगली.

पहिल्या शनिवारी सकाळी तो कॉफीचा कप घेऊन गॅरेजात गेला. बाहेर पाणी गोठत होतं आणि फळ्यावरचा अर्ध्या इंचाचा पाना ऊन होता. नुसता कोमट नाही, कुणी तासभर मुठीत धरून नुकताच ठेवावा तसा. शिवाय तो उलटा टांगलेला होता. बाकावर मध्यभागी एक बोल्ट पडला होता, ओल्या ग्रीसचा. एल्डनच्या गॅरेजात ग्रीस नसायचं; मार्जीन ते आणू देत नसे.

तेवढ्यात बाहेर धडधड सुरू झाली. रूडीचा पंखा बर्फाचे फवारे उडवत चालला होता. रूडीनं तो थांबवला, आत आला, हातातली कोबीत गुंडाळलेल्या मटणाची थाळी बाकावर ठेवली. स्वयंपाकघराच्या दाराशी नाही, मार्जीनच्या हातात नाही, बाकावर. मग एक बिअर उघडून शेजारी ठेवली. "झालं बरं का," असं एल्डनच्या खांद्यावरून मागे भिंतीकडे बघत म्हणाला, आणि गेला.

आता इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? रूडीला हाक मारून सांगितलं असतं की बाबा, मी नाही केलं. एल्डननं तोंड उघडलंही होतं. पण या गावात तीस-चाळीस वर्षं काढून त्याला कुणी कधी थाळी आणून दिली नव्हती. घरपट्टीवाल्याला कोण देणार? वास सुरेख होता. त्यानं तोंड उघडलं आणि त्यात कोबी घातला.

पुढच्या शनिवारी पोस्टातल्या ग्रेटाच्या गाडीचा हीटर चालू झाला. त्याच्या पुढच्या शनिवारी चर्चच्या तळघरातलं बॉयलर, जे पाद्रीबाबांनी देवावर सोपवलं होतं. दर वेळी पाने ऊन, दर वेळी बाकावर एक उरलेला नट नाहीतर बोल्ट, आणि दर वेळी बाकावर केक, लोणच्याची बरणी, बिअर. ग्रेटाच्या गाडीभोवती ताज्या बर्फावर पाऊल नव्हतं, मांजराचंसुद्धा नाही. पण गाडी हलवल्यावर तिच्या खाली एक कोरडा डाग दिसला. उताणा पसरलेल्या माणसाएवढा, एक गुडघा वर घेतलेला. एल्डननं तो बुटानं बर्फ ओढून झाकला. का झाकला ते त्याला सांगता आलं नसतं.

"मी आता तुझ्या गॅरेजात पाय ठेवणार नाही," मार्जीन म्हणाली.

"का?"

"आत कुणीतरी शिट्टी वाजवतं."

"वारा असेल."

"वाऱ्याला पोल्का नाचाची चाल येत नाही, एल्डन. आणि लसणाचा वास येतो. तू लसूण खात नाहीस."

"खायला लागेन," एल्डन म्हणाला. एव्हाना त्याची चाल बदलली होती. तो दुकानात जाताना मुद्दाम बोटांना काळं लावून जायचा. फळ्यावरच्या पान्यांवर ते आयतंच मिळायचं. कुणी गाडीबद्दल काही विचारलं तर डोळे बारीक करून 'हं' म्हणायचा. गाड्यांबद्दल नुसतं 'हं' म्हणता आलं की निम्मं काम भागतं, हा त्याचा त्या हिवाळ्यातला शोध.

मग नगरपालिकेचा निरीक्षक आला. राहत्या वस्तीत परवान्याशिवाय गाड्या दुरुस्त करता म्हणून तक्रार होती. एल्डन म्हणाला, मी दुरुस्ती करत नाही. निरीक्षक म्हणाला, उत्तम, मग तसं लिहून द्या आणि ते आम्ही नियमाप्रमाणे आठवडाभर चौकात लावू. चौकात! म्हणजे सगळं गाव वाचणार की प्रॉसर काही करत नाही. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "म्हणजे, थोडीफार करतो."

"मग परवाना लागेल. आणि तुमच्या माणसाचा वेगळा."

"कुठल्या माणसाचा?"

"तो आत आहे ना, त्याचा." निरीक्षकानं पेन्सिलीनं गॅरेजाच्या खिडकीकडे दाखवलं. "मघाशी काचेतून पाहिलं मी. पाठमोरा, बाकावर वाकलेला, कानटोपी घातलेला. मी काचेवर टकटक केली तर मान न वळवता हात हलवला. शनिवारी या म्हणतात ना, तसा. नाव काय त्याचं?"

एल्डननं खिडकीकडे पाहिलं. काचेवर आतून वाफ धरली होती आणि कुणीतरी बाहीनं पुसावी तशी एका जागी ती पुसली जात होती. "तो... तो पगारी नाही," एल्डन म्हणाला.

"मग आणखी वाईट. विमा काढलाय?"

"त्याला आता काही होणार नाही," एल्डन म्हणाला, आणि हे वाक्य आपल्याच तोंडून गेल्यावर त्याला पायरीवर बसावं लागलं. निरीक्षकानं ते उद्धटपणात जमा केलं आणि एल्डनच्या एकट्याच्या नावानं परवाना लिहून दिला.

एवढं झाल्यावर तरी त्यानं पेटी वेरोनाला परत करायची. त्यानं तसं ठरवलंसुद्धा. पण त्याच संध्याकाळी डार्ला बेनिश आली. ही मुलगी थंडी सुरू झाल्यावर गल्लीच्या टोकाच्या घरात राहायला आलेली. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं काम करायची. तिचा जुना पिकअप ट्रक दारात उभा होता.

"मिस्टर प्रॉसर, सगळे म्हणतात इथे काम होतं म्हणून. ब्रेकचं पेडल पार खाली टेकतंय हो. मला रोज पिटमनचा उतार उतरायचा असतो. खाली थेट पूल, आणि पुलाला कठडा किती आहे ते तुम्हाला माहीतच आहे. परवा मी हातब्रेक ओढून थांबले."

तिचे हात साबणानं फुटलेले होते. एल्डनला मनापासून तिची कीव आली. त्याचं वाईट सगळं चांगल्या मनानंच व्हायचं. "काळजी करू नको, पोरी," तो म्हणाला. "शनिवारी करतो."

शब्द निघून गेले आणि गॅरेजातून येणारी शिट्टी मध्येच थांबली.

शुक्रवारी संध्याकाळी डार्ला ट्रक गॅरेजाच्या दाराशी लावून गेली. एल्डन निवांत झोपला. शनिवारी सकाळी तो तोंडाला साबण लावून दाढी करत होता तेव्हा खालून तिनं हाक मारली. "झालं का हो, मिस्टर प्रॉसर?"

"झालं, झालं! ने खुशाल!" तो न्हाणीघराच्या खिडकीतून ओरडला. सवयच लागली होती.

ट्रक गेल्याचा आवाज आला. अर्धी दाढी करून एल्डन केकच्या आशेनं खाली गॅरेजात उतरला. पाना हातात घेतला आणि त्याचा हात भाजल्यासारखा मागे आला. पाना बर्फासारखा गार होता. सगळे गार होते. सगळे सरळ टांगलेले होते. बाकावर काही नव्हतं. तो दार उघडून बाहेर धावला. ट्रक जिथे उभा होता तिथला बर्फ सपाट, पांढरा, कुणी न शिवलेला. त्यावर माणसाएवढा डाग नव्हता.

आणि मग त्याला कळलं. गॅरेज उबदार असताना जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता त्या रिकाम्या गारठ्याची वाटली. रूडीला शब्द दिला होता स्टेफ्कोनं. ग्रेटाला स्टेफ्कोनं. पाद्रीबाबांना स्टेफ्कोनं. डार्ला गावात आली तेव्हा स्टेफ्को जमिनीखाली होता. तिला शब्द दिला होता एल्डन प्रॉसरनं.

पायजम्यावर, एका गालावर साबण, पायात मार्जीनच्या रबरी सपाता, असा तो गाडीत बसला. गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी आडवी गेली, टपालाच्या दोन पेट्या पडल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं लाल दिवा ओलांडला. त्याला पूल दिसत होता, कठडा दिसत होता, साबणानं फुटलेले हात दिसत होते.

पिटमनच्या माथ्यावर स्वयंसेवक अग्निशमन दलाचं ठाणं आहे. हिवाळ्यात तिथे शनिवारी सकाळी घावन-सिरपची न्याहारी असते आणि सगळं गाव तिथे रांगेत असतं. डार्लाचा ट्रक तिथेच उभा होता. आपल्या म्हाताऱ्यांसाठी डबे भरून घ्यायला ती थांबली होती. डबे घेऊन ती दार उघडतच होती.

"डार्ला, थांब! बसू नको!" एल्डन बर्फावर घसरला आणि उरलेलं अंतर बसून पार करून तिच्या पायाशी पोचला. रांगेतली सगळी तोंडं वळली. "ब्रेक केलेले नाहीत. मी काही केलं नाही. कधीच केलं नाही. रूडीचा पंखा, ग्रेटाचा हीटर, चर्चचं बॉयलर, काहीच मी केलेलं नाही. मला नट कुठल्या बाजूला फिरतो तेसुद्धा माहीत नाही. ते सगळं... ते स्टेफ्को हुडाक करत होता."

झालं. संपली अब्रू. आता हे लोक हसतील, किंवा आपल्याला इस्पितळात पोचवतील, असं वाटून त्यानं डोळे मिटले. कुणीच हसलं नाही.

"मग?" रूडी म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता. "आम्हाला काय तू केलंस असं वाटत होतं?"

एल्डननं डोळे उघडले.

"तुझे हात बघितलेत का, साहेब? आणि दर वेळी एक बोल्ट कोण उरवणार? ही त्याचीच पद्धत. जिवंतपणी एकदा माझा पंप केला होता, तीन उरले होते."

"अन् आम्ही आणलेले केक?" ग्रेटानं विचारलं. "माझ्या आईच्या कृतीचा खसखशीचा?"

एल्डननं नकळत तोंड पुसलं.

"त्यानं खाल्ला!" ग्रेटा रांगेकडे वळून ओरडली. "ऐकलंत का? मेलेल्या माणसासाठी बाकावर ठेवलेला केक यानं खाल्ला!"

"कोबीसुद्धा?" रूडीचा चेहरा पडला. "बिअर पण? अरे, भुताच्या वाटणीचं खाल्लंस? आम्ही म्हणत होतो, स्टेफ्कोची भूक अजून तशीच आहे म्हणून. माझी बायको रडली होती आनंदानं."

त्या क्षणी पुलावरून खाली गेलेलं परवडलं, असं एल्डनला वाटलं. तव्यामागून वेरोना हुडाक पुढे आली. हातात उलथनं होतं. तिनं आधी डार्लाला जवळ घेतलं, मग एल्डनकडे पाहिलं.

"माझा नवरा या पोरीला ओळखतसुद्धा नाही," ती म्हणाली. "तो कसा येणार? शब्द कुणी दिला?"

"मी."

"मग उठा."

तिथे हातोडी हातात धरून जन्म काढलेली माणसं वीसभर तरी होती. ब्रेकला एकानंही बोट लावलं नाही. ट्रक ढकलत आत बंबाशेजारी नेला. कुणीतरी सुट्या भागांच्या दुकानाकडे गेलं. निरोप गेल्यावर मार्जीन शपथ मोडून गॅरेजात शिरली आणि फळ्यावरची हत्यारं हिरव्या पेटीत भरून घेऊन आली, आणि त्याची पँट मुद्दाम विसरून. गाव थाळ्या घेऊन घडीच्या खुर्च्यांवर बसलं, आणि एल्डन प्रॉसर पायजम्यावर ट्रकखाली सरपटला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. "डावीकडे फिरव!" "कुणाच्या डावीकडे?" "तुझ्या!" "तो उताणा आहे, त्याचं डावं कुठलं धरायचं?" "अरे, त्याला एवढं विचारू नका, त्याला परवाना आहे!" नट सुटला तेव्हा टाळ्या पडल्या. त्याची दोन बोटं सोलली. जुनं काळं तेल गळून तोंडावर आलं आणि साबणात मिसळलं. चाकातला तेल गळणारा भाग बदलला, घासून पत्रा झालेले ब्रेक बदलले, आणि शेवटी नळीतली हवा काढायचं काम राहिलं. डार्ला वर बसून पेडल दाबणार आणि हा खाली स्क्रू सैल करणार. स्क्रू हाताला लागत होता, दिसत नव्हता. एल्डननं मान न वळवता हात बाहेर काढला. "लहानातला लहान पाना द्या."

तळहातावर पाना आला. ऊन होता. बरोबर बसला.

"दाब," तो म्हणाला. "सोड. दाब." तेल स्वच्छ यायला लागलं. त्यानं स्क्रू आवळला. "थँक्यू, रूडी."

"मी इकडे आहे," रूडी म्हणाला. त्याचा आवाज खोलीच्या पार दुसऱ्या टोकाकडून, सिरपच्या भांड्याजवळून आला.

खुर्च्यांची करकर थांबली होती. ट्रकखालून एल्डनला वेरोनाचे बूट दिसत होते. ते हळूच चालत आले, त्याच्या हाताच्या बाजूला येऊन थांबले. तिथे सिमेंटवर कुणी नव्हतं. फक्त गुडघा टेकल्यासारखी एक गोल जागा कोरडी होत होती.

"बस झालं आता," वेरोना हळू आवाजात म्हणाली. "हे तुझ्या शब्दातलं नव्हतंच. घरी जा."

लसणाचा वास दारापर्यंत गेला. दार कुणी उघडलं नाही, पण बाहेरची थंडी मात्र सगळ्यांच्या अंगावरून आत आली.

पेडल अर्ध्यावर घट्ट थांबलं. डार्ला आधी सपाटीवर चालवून आली, तीनदा थांबून बघितलं, मग डबे घेऊन उतार उतरली. सगळं गाव माथ्यावर उभं राहून बघत होतं. पुलाच्या अलीकडे ब्रेकचे लाल दिवे लागले, ट्रक थांबला, आणि सावकाश पलीकडे गेला. एल्डननं मग कुठे श्वास सोडला. त्याला वाटलं, आता निदान एखादं घावन तरी मिळेल.

रांगेत त्याच्या मागे रूडीचा सासरा उभा होता, फोर्जमधला सगळ्यात म्हातारा. तो कधी बोलत नसे. "साहेब," तो म्हणाला, "माझ्या भावाचं घरपट्टीच्या माफीचं प्रकरण होतं तुमच्याकडे. फोर्ज बंद झालं तेव्हाचं. 'पुढच्या आठवड्यात बघतो' म्हणाला होतात. तो खिडकीशी यायचा बिचारा दर आठवड्याला. घर गेलं, मग तोही गेला." म्हातारा रागानं बोलला नाही. ते सहन झालं असतं. "आज बघितलं मी, शब्द दिलेला माणूस सुटत नाही म्हणून. म्हणून म्हटलं, विचारावं."

एल्डनच्या हातातली थाळी तशीच राहिली. पुढच्या आठवड्यात बघतो. किती माणसांना? तो मोजायला लागला आणि त्यानं मोजणं सोडून दिलं. फोर्ज बंद झाल्यावर त्या खिडकीपुढे रांग रस्त्यापर्यंत जायची. स्टेफ्कोकडे एका गल्लीचे शनिवार होते. एल्डनकडे अख्ख्या जिल्ह्याचे आठवडे होते.

सोमवारी कचेरी उघडली तेव्हा तो सोललेल्या बोटांना पट्ट्या बांधून जुन्या खिडकीपुढे उभा होता. खिडकीमागे नवा कारकून होता, गुळगुळीत चेहऱ्याचा. एल्डन म्हणाला, मला पगार नको, काही नको, फोर्जच्या वेळची राहिलेली प्रकरणं कुठे आहेत ती दाखवा आणि मला बसू द्या.

"ती मागच्या खोलीत आहेत," कारकून म्हणाला. "पण तुम्हाला बसायला परवानगी लागेल. साहेब रजेवर आहेत. असं करा, पुढच्या आठवड्यात..."

एल्डननं खिडकीतून हात घालून त्याची बाही पकडली. "नको, बाळा. ते वाक्य पुरं करू नकोस. तुझं वय काय आहे अजून?"

कारकुनानं त्याच्या तोंडाकडे बघून मुकाट्यानं किल्ली दिली. "जा. पण आत कुणी जात नाही हो," तो म्हणाला. "रोज पानं उलटल्यासारखा आवाज येतो. उंदीर आहेत म्हणतात."

एल्डननं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. लांब टेबल, त्यावर छतापर्यंत गठ्ठे, आणि टेबलाला लागून खुर्च्यांची ओळ. त्याच्या आधी त्या खिडकीमागे बसून गेलेल्या सगळ्यांच्या जुन्या खुर्च्या. सगळ्या मागे ओढलेल्या. सगळ्यांच्या गाद्या मधोमध खोल दबलेल्या. तो आत आल्यावर पानांचा आवाज थांबला, जसा नवा माणूस आल्यावर कचेरीत थांबतो. मग पुन्हा सुरू झाला.

टोकाची एक खुर्ची मात्र टेबलाला नीट लावून ठेवलेली होती. तिची गादी फुगीर होती, तिच्यावर अजून कुणी बसलं नव्हतं. ती आपल्यासाठी, हे एल्डननं ओळखलं. मग बाहेर जाऊन कारकुनाकडून घडीची एक साधी खुर्ची मागून आणली, ती दाराजवळ उजेडात मांडली, आणि वरचा पहिला गठ्ठा ओढला. त्याला लवकर उरकायचं होतं.